यंत्राचें उत्तर कां बदलावें?

गणिताचें उत्तर सोडविणाऱ्याच्या घाईप्रमाणें बदलत नाहीं, असें आम्ही लहानपणापासून मानीत आलों. संगणकाच्या वर्गांत मात्र आम्हांस निराळाच अनुभव आला. गुरुजींनीं मुद्दाम एक छोटा प्रोग्राम चालवून दाखविला. त्यांत दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळीं चालणारे कामाचे दोन प्रवाह, एकाच आंकड्यांत प्रत्येकीं 1,00,000 वेळां एक मिळवीत होते. बेरीज 2,00,000 यावयास हवी; ती दर खेपेस कमी आली, आणि दर खेपेस निराळी! एकानें आंकडा वाचावा, तोंच दुसऱ्यानेंही तोच वाचावा, व दोघांनीं एकेक मिळवून परत लिहावा. मग दोनदां मिळवूनही भर पडते ती एकाचीच.

वर्गांत हंशा पिकला. रुग्णालयांत तो पिकत नाहीं. थेरॅक-25 नांवाच्या किरणोपचाराच्या यंत्रानें 1985 ते 1987 च्या दरम्यान अमेरिका व कॅनडा येथें सहा रुग्णांस प्रमाणाबाहेर मात्रा दिली. त्यांतील कांहीं प्राणांस मुकले. कारणांमध्यें असाच वेळेचा गोंधळ होता. 1986 सालीं टेक्सासमधील टायलर येथें तो दोष पुन्हां घडवून पाहतां आला, तो यंत्रचालिकेनें टंकन फार जलद केलें तेव्हांच. सावकाश तपासणाऱ्यास यंत्र निर्दोष दिसे!

प्रोग्राम लिहिणारानें जागोजाग 'लॉक' घालून एका थ्रेडला दुसऱ्यासाठीं थांबवावें, हा नेहमींचा उपाय. तो सर्वस्वीं त्याच्या सावधगिरीवर अवलंबून. येल विद्यापीठांतील ब्रायन फोर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ही जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टमवरच टाकली. त्यांची 'डिटरमिनेटर' ही प्रणाली 2010 सालीं पुढें आली. तींत प्रत्येक थ्रेडला मेमरीची स्वतःची प्रत मिळते. काम चालूं असतां कोणी कोणाच्या प्रतींत डोकावीत नाहीं. ठराविक टप्प्यावर त्या प्रती ताडून बदल एकत्र केले जातात. एकानें 'क' मध्यें 'ख' ची किंमत घातली व दुसऱ्यानें 'ख' मध्यें 'क' ची, तर किंमतींची अदलाबदल होते, ती नेहमींच. दोघांनीं एकच जागा बदलली, तर प्रणाली गुपचूप एकाची बाजू घेत नाहीं. येथें तंटा आहे असें सांगते, आणि तेंही दर खेपेस.

प्रती करणें व ताडणें फुकट होत नाहीं. मोठमोठ्या तुकड्यांच्या कामांत येलच्या मंडळींस लिनक्सच्या तोडीचा वेग मिळाला. क्षणोक्षणीं देवघेव होई तेथें मात्र बराच मंदपणा आला. वेगाचे भोक्ते येथें नाक मुरडतात. किरणोपचाराच्या यंत्रास तो मंदपणा खचित परवडला असता, असें आम्हांस वाटतें.