पंचकल्याणी

आजोबांनी निर्मळहून आणलेला लाकडी घोडा आमच्या नांदेडच्या घरात वडिलांच्याही आधीपासून आहे. तेव्हा निर्मळ आणि नांदेड एकाच निजामाच्या राज्यात होते. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि निर्मळ आंध्रात गेलं. घोडा पोनिकीच्या हलक्या लाकडाचा. तिथले नक्काश सुटे भाग कोरून जोडतात, भुसा आणि चिंचोक्याची खळ यांच्या लगद्याने सांधे बुजवतात आणि मग रंग चढवतात.

मूळचा तो पिवळाधमक होता म्हणे, पाठीवर लाल खोगीर. वडिलांच्या लहानपणी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला हिंगूळ त्याच्या अंगावर जायचा. मी पाहिला तो असा लालभडक, पुटांवर पुटं चढलेला.

मूळ रंग गेला की वस्तूची किंमत जाते, असं संग्राहक सांगतात. विकायची असेल तर तसं असेलही. पण आमच्याकडे मारुतीला पुन्हा पुन्हा शेंदूर लागतो, बैलांची शिंगं दरसाल साळून रंगवतात. घोडा जसाच्या तसा काचेत ठेवला असता तर आमच्या घरात त्याला कोणी हातही लावला नसता. मला ते सोसलं नसतं.

लातूरला चित्रकला शिकवायला गेले तेव्हा घोडा सोबत नेला. त्याला खऱ्या घोड्याचा रंग द्यायचा हे मनात होतं, म्हणून लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत गेले. घोड्यावर बसणाऱ्या देवाच्या दारी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक दात आणि भोवरे बघतं; मी रंग बघत हिंडले. पांढऱ्या घोड्याचं मुस्कट आणि डोळ्यांभोवतीचा भाग काळपट दिसतो, कारण केस पांढरे असले तरी बहुतेकांची कातडी काळीच असते. कुम्मैताचा तांबूस रंग पायांकडे काळा होत जातो, पण तो कुठे बदलला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. माझ्या कुंचल्याला नेमकं तेच जमत नव्हतं.

मग २०१६चा उन्हाळा आला. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. घागरीघागरीचा हिशेब असताना कुंचले धुवायला पाणी कुठलं? म्हणून कोरडे पेस्टल घेतले. पॉलिश पेपरने जुनी पुटं घासली, प्रायमर दिला, ब्लेडने पेस्टल खरवडून ती पूड मऊ कुंचल्याने चोळली. वर फिक्सेटिव्हचा फवारा, तो वाळला की पुन्हा पूड. तांबूस, तपकिरी, काळा एकमेकांत असे मुरले की माळेगावचा कुम्मैत समोर उभा राहिला. डोळे आणि खूर तेवढे अॅक्रिलिकने केले, त्याला झाकणभर पाणी पुरलं. चारही पाय खाली पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, पंचकल्याणी झाला.

आता आम्ही दोघंही परत नांदेडला आहोत. भाचीने गुरुद्वाऱ्याच्या हल्लाबोलात निहंगांचे घोडे पाहिले आणि आपलाही पांढराशुभ्र हवा म्हणून हट्ट धरला. मी हो म्हटलंय. फक्त मुस्कटाला आधी काळा हात द्यावा लागेल, हे तिला अजिबात पटत नाही. मार्गशीर्षात तिला माळेगावला नेणार आहे. पॉलिश पेपर त्यानंतरच काढू.