डाव

स्टीलचा डाव. दांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, ‘मामाकडून भेट, १२-५-६८’. आईच्या रुखवतातली बाकीची भांडी कधीच मोडीत गेली, हा उरला. घरच्या पंगतीत आमटी वाढून झाली, माझ्या हॉस्टेलच्या ट्रंकेत तीन वर्षं राहून झालं. आता तो चपलांच्या स्टँडशेजारी खिळ्याला असतो. चुकून स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून दांड्याला लाल लोकर बांधलीय. त्यात आम्ही ठमीची लघवी धरतो.

ठमी गावठी, सात वर्षांची, सोसायटीच्या पार्किंगमधून थेट तिसऱ्या मजल्यावर आलेली. आठ महिन्यांत तिला तिसऱ्यांदा उन्हाळी लागली. दर दहा पावलांवर बसायचं, दोन थेंब टाकायचे आणि उठून मागे वळून बघायचं, कुणीतरी चिमटा काढल्यासारखं. आधी दोन्ही वेळा तपासणी न करताच गोळ्या मिळाल्या होत्या. चार दिवस बरं वाटायचं, महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी डॉक्टर बदलले.

नवे म्हणाले, “आधी लघवी आणा. सकाळची पहिली, मधल्या धारेची.”

सांगायला काय जातंय! कुत्री बसते ती जमिनीपासून चार बोटांवर. वाटी घेऊन वाकलं की ठमी संशयाने उठायची. श्रीखंडाचा डबा तर तिने चाटायलाच घेतला. चौथ्या दिवशी डाव आठवला. लांब दांडा, उथळ वाटी. भलतीकडे बघत उभं राहायचं, धार सुरू झाली की एक श्वास थांबायचं आणि मागून अलगद सरकवायचा. समोरच्या इमारतीतले काका रोज फिरायला निघताना विचारायचे, “काय ताई, उकळली का आमटी?”

डावातल्या लघवीत पू आणि रक्त निघालं. पण जंतू नेमका कोणता हे बघायला ती चालत नाही, बाहेरच्या कातडीवरचे जंतू तिच्यात मिसळतात. त्यासाठी सोनोग्राफीत बघत पोटातून सुई घालून थेंबभर थेट मूत्राशयातून घेतली. खडे नव्हते. जंतू ई. कोलाय. प्रयोगशाळेत जंतूंच्या थरावर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवतात. औषध लागू पडणार असेल तर टिकलीभोवती मोकळं रिंगण दिसतं. आम्ही दोनदा दिलेल्या औषधाच्या टिकलीला जंतू खुशाल चिकटून वाढले होते.

औषध बदललं. मग डॉक्टरांनी ठमीला उताणी करून दाखवलं. नसबंदीच्या ऑपरेशननंतर तिचं वजन वाढलं होतं, कातडीची घडी लघवीच्या जागेवर आली होती आणि खाली कायम ओल. ती पुसायची, वजन उतरवायचं, भातात पाणी वाढवायचं. “आणि पावसात ही धरून ठेवते का?” ठेवते. पाय ओले होतात म्हणून बारा-बारा तास.

धरून ठेवणं मला नवीन नव्हतं. साताऱ्याहून पुण्याला एसटीने यायचं असलं की आई सकाळपासून पाणी तोडायची. स्टँडवरचं ‘ते’ चांगलं नसतं म्हणून. मग पुण्यात पोचल्यावर दोन दिवस ती न्हाणीघरात बराच वेळ असायची, नळ मोठा सोडून. तांब्यात धणे-जिरे भिजत पडलेले. “उन्हाळी लागलीय,” हे ती फक्त आजीला सांगायची, तेही मागच्या दारी. हा उन्हाळ्यातला आजार, अशी माझी समजूत. दिवाळीत कसा होतो ते मात्र कळायचं नाही.

डाव कशासाठी नेलाय हे समजल्यावर एकोणऐंशीची आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी गॅलरीतून सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असं तिने विचारलं, “झाली का गं?” धण्या-जिऱ्याचं पाणी तिने ठमीपुढेही ठेवून बघितलं. ठमीने हुंगलं आणि निघून गेली.

परवा मला पुन्हा शंका आली. मी डावातली लघवी बाटलीत ओतत होते, आई बाथरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली.

“त्या बाटल्या तू पुड्यानेच आणल्यास ना?”

“हो. का?”

“एखादी जास्तीची आहे का?”

“कुणाला?”

तिने हात लांब करून नळ मोठा सोडला.