अंगणातला डाग

मैत्रिणींनो, लोणची-पापडांच्या या पानांवर गाडीच्या क्लचची गोष्ट सांगायला मी बसले आहे, हे पाहून तुम्हाला हसू येईल. पण ऐका तर खरं!

आम्ही सावलीचे. मूलहून गडचिरोलीला जाताना वाटेत लागतं ते आमचं गाव. आजूबाजूला सगळी धानाची शेती. आमच्याकडे एक जुनी पिकअप गाडी आहे. धान निघालं की पोती गिरणीवर न्यायची, एरवी मिळेल ते भाडं. हंगाम चार दिवसांचा, अन् हप्ता बारा महिन्यांचा!

गेल्या दिवाळीनंतर एकदा सडा घालताना गाडीखाली रुपयाएवढा ओला डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तो बशीएवढा झाला. बोट लावून पाहिलं, तर इंजिनच्या तेलासारखा काळा नव्हता, पातळ आणि फिकट होता. ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं? पानी असंन." मीही फणकाऱ्याने म्हटलं, "विकून टाका मंग ते गाडी!" झालं! चार दिवस "जेवायला वाढलंय" यापलीकडे शब्द नाही.

पाचव्या दिवशी क्लचचं पेडल दाबलं ते थेट खाली गेलं, वर येईचना. गिअर पडेना. दुसऱ्या दिवशी पोती पोचवायचा शब्द दिलेला. मेकॅनिक लग्नाला परगावी, आणि हाताखालचा पोरगा दिवाळीतच काम सोडून गेलेला. ह्यांना काम येतं. त्यांनी मूलहून नवा सिलिंडर आणला. पण हे काम एकट्याचं नाही. थोडा वेळ इकडे तिकडे पाहून शेवटी म्हणाले, "जरा येतेस का?"

काम काय होतं, ते सांगते. कित्येक गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत तार नसते, नळीतून तेल असतं. काही मोठ्या मोटारसायकलींच्या क्लचला आणि आपल्या स्कूटरच्या डिस्क ब्रेकलाही हीच रीत. पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरातला दाब तेलातून खालच्या सिलिंडरात पोचतो, आणि त्याचा दांडा क्लच ढकलतो. बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सांगितलं. पण हवेचं तसं नाही, ती दबते. नळीत बुडबुडा शिरला की पायाचा सगळा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो. पलीकडे काही पोचतच नाही.

इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. ह्यांनी खालच्या सिलिंडरचं रबर मागे केलं, तर आतून तेल ठिबकलं. माझा डाग तो हाच! आधी नळीचा नट सैल केला, मग दोन बोल्ट काढून जुना सिलिंडर उतरवला आणि नवा बसवला. वरच्या डबीत तेल भरलं. हवा सोडायच्या निपलला सलाईनची स्वच्छ नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं, म्हणजे हवा परत आत जात नाही आणि बुडबुडे दिसतात.

मी पेडलवर बसले. "दाब." दाबलं. "धरून ठेव." धरलं. ते निपल उघडत, बुडबुडे निघत, निपल बंद होई. मग "सोड." तिसऱ्या वेळी मी घाईने निपल बंद व्हायच्या आधीच पाय काढला. हवा परत आत! आता ओरडा बसणार म्हणून मी श्वास रोखला. पण गाडीखालून आवाज आला, "मी सांगतो तवा सोड. हो म्हणत जा." मग मी दर वेळी मोठ्याने "हो" म्हणू लागले. डबीतलं तेल तळाला जाऊ नये म्हणून मधूनमधून भरत होते. चार दिवसांत बोललो नव्हतो, तेवढं त्या तासात बोललो. हळूहळू पेडल पायाखाली घट्ट लागू लागलं. पोती वेळेवर गेली.

आता घरच्या उपयोगाचं. हे तेल विषारी असतं, मुलांपासून दूर ठेवा, स्वयंपाकघरातल्या भांड्यात ओतू नका. रंगावर सांडलं तर रंग उडतो, लगेच भरपूर पाण्याने धुवा. ते हवेतला ओलावा शोषतं, म्हणून फोडलेली बाटली वर्षानुवर्षं ठेवू नये. डबीच्या झाकणावर लिहिलेलंच तेल घाला. इंजिन ऑइल चुकूनही नको, आतली रबरं फुगून जातात. आणि ब्रेकचं काम मात्र जाणत्याकडूनच करून घ्या.

अंगण रोज आपण झाडतो, म्हणून डाग आधी आपल्याला दिसतो. दिसला तर सांगा, एकदा ऐकलं नाही तर पुन्हा सांगा. रागाने विकून टाका म्हणू नका, तेवढं माझंही चुकलंच.

हल्ली सकाळी गाडी काढायच्या आधी हे दारातून विचारतात, "आज डाग आहे काय वो?"

मी वाकून पाहते, आणि मोठ्याने सांगते, "नाही."