देवापुढची फिर्याद

ख्रिस्ती घरात जन्मलेल्या मनुष्याला प्रार्थनेची भाषा मातृभाषेबरोबरच मिळते, आणि म्हणूनच तिच्यात किती साचलेपणा आला आहे हे त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. आरंभी उपकारस्तुती, मग पापांची सर्वसाधारण कबुली, त्यानंतर आजारी, प्रवासी आणि सत्ताधारी यांच्याकरिता मागणे आणि अखेरीस येशूच्या नावाने समाप्ती, हा शिरस्ता असा अंगवळणी पडतो की, मामलेदार कचेरीत जाणारा अर्जदार जसा मायना आणि मजकूर जाणत्याकडून लिहवून घेतो आणि पोटातली आग उंबऱ्याबाहेर ठेवून अदबीने उभा राहतो, तसेच आपणही देवापुढे उभे राहतो.

एका प्रार्थनासभेत तरुण मुलगा गमावलेल्या मातेने, दुःख अगदी ताजे असताना, त्याच मृत्यूबद्दल देवाचे आभार मानले आणि मंडळीने तिच्या विश्वासाची तारीफ केली. त्या माउलीच्या श्रद्धेविषयी मला तिळमात्र संशय नाही. परंतु त्या सभेत तिला दुसरे काही बोलण्याची मुभा होती काय, हा प्रश्न मला अद्याप छळतो.

शास्त्रात मात्र ती मुभा विपुल आहे. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. बहुतेक विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात; 88 वे स्तोत्र वळत नाही, ते काळोखातच संपते, आणि ज्यांनी ही संहिता सिद्ध केली त्यांनी सांत्वनाची एखादी ओळ पदरची जोडून ते सावरून घेतले नाही. यिर्मया 20 व्या अध्यायात देवावर फसवणुकीचा आरोप ठेवतो आणि आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. मार्क आणि मत्तय यांच्या शुभवर्तमानांत तर वधस्तंभावरून येशूच्या मुखातून निघालेले एकच वाक्य नोंदले आहे, आणि ते 22 व्या स्तोत्राच्या आरंभीचा, देवाने टाकून दिल्याचा आक्रोश आहे.

ईयोबाचा ग्रंथ या बाबतीत निर्णायक म्हटला पाहिजे. त्याच्या मित्रांचे युक्तिवाद निर्दोष, धर्मसंमत आणि देवाची बाजू राखणारे. ईयोबाचे बोलणे उद्धट, विसंगत, प्रसंगी ईश्वरनिंदेच्या काठावर गेलेले. असे असूनही 42 व्या अध्यायात देव त्या मित्रांपैकी अलीफजाला बजावतो की, माझ्याविषयी योग्य ते माझा सेवक ईयोब बोलला, तुम्ही नव्हे. या निवाड्याचे कारण मला असे दिसते की, मित्र अथपासून इतिपर्यंत देवाविषयी बोलत राहिले, देवाशी एकदाही बोलले नाहीत, आणि ईयोब मात्र भांडता भांडता पुनःपुन्हा देवाकडेच तोंड करीत राहिला. ज्याच्या अस्तित्वावर आणि न्यायावर भरवसा नाही त्याच्याकडे फिर्याद कोण नेईल?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर नव्याने रचलेल्या रोमन कॅथलिक प्रहर-प्रार्थनांमधून 58, 83 आणि 109 ही तीन शापस्तोत्रे वगळण्यात आली. त्यामागचा संकोच मी समजू शकतो. शत्रूची लेकरे अनाथ व्हावीत असे मागणे प्रेमाची आज्ञा मानणाऱ्याच्या जिभेवर सहजी येऊ नये, हे खरेच. तरीही हा निर्णय मला पटलेला नाही. प्रार्थनेच्या पुस्तकातून द्वेष काढून टाकल्याने तो मनातून हद्दपार होत नाही, फक्त देवाच्या कानाआड वाढू लागतो. उलट ज्याने सूडाचा मुकदमा देवाच्या दप्तरी वर्ग केला, त्याच्या हातातली काठी निदान त्या घटकेपुरती तरी खाली येते.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मनुष्याने या मोकळेपणाला परका मानण्याचे काही कारण नाही. विठोबाला खडे बोल सुनावणारी जनाबाई आपल्याच मातीतली, आणि 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावरही अभंगरचना न सोडणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याच मंडळीतले. तथापि आक्रोशाचाही शिरस्ता होऊ शकतो. भर सभेत हुंदके देऊन केलेली प्रार्थना ही पाठ केलेल्या प्रार्थनेइतकीच लोकांसाठी असू शकते. दार लावून एकांतात प्रार्थना करा असे येशूने सांगितले ते उगीच नव्हे. जुन्या करारातील हन्ना प्रार्थना करीत असता तिचे ओठ तेवढे हलत होते, शब्द ऐकू येत नव्हते, आणि एली याजकाला ती मद्य प्यालेली वाटली. पण त्या निःशब्द प्रार्थनेत तिचा सारा क्लेश होता. आणि ज्याला काहीच वाटत नाही, त्याने तेवढेच सांगावे; कोरडेपणाची कबुली ही उसन्या उमाळ्याहून केव्हाही सच्ची.

अंत्यविधीच्या उपासनेत 23 वे स्तोत्र वाचण्याची आपल्याकडे वहिवाट आहे, आणि ती मोडावी असे मी म्हणत नाही. परंतु ज्या घरातले लेकरू गेले आहे, त्या घरी जाणाऱ्या पाळकांनी एखादे वेळी 88 वे स्तोत्रही उघडावे, ते जसे आहे तसे शेवटपर्यंत वाचावे, आणि त्यावर प्रवचन करू नये.