मथळ्याखालची

शोधनिबंधाच्या मथळ्याखाली आणि सारांशाच्या वर ती राहते. जागा जेमतेम एका ओळीची, टाइप बारीक, दिसायला गरीब. पण निबंध उघडणारा विद्वान आधी तिलाच न्याहाळतो: पहिलं नाव कुणाचं, शेवटचं कुणाचं, तारा कुणाच्या डोक्यावर. (तारा म्हणजे पत्रव्यवहार कुणाशी करायचा त्याची खूण. व्यवहारात घरातला कर्ता कोण, ते त्यावरून कळतं.) मग निबंध वाचला तर वाचला.

नावांच्या या ओळीचे रिवाज घराण्यागणिक निराळे. गणितात ती बहुधा आडनावांच्या अक्षरक्रमाने बसते, त्यामुळे रुसवेफुगवे कमी. जीवशास्त्रात पहिला राबणारा, शेवटचा प्रयोगशाळेचा धनी. मधल्यांकडे कुणी फारसं बघत नाही. कणभौतिकीत तर तिचा कुटुंबकबिला आवरत नाही. हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर सर्नच्या दोन गटांनी 2015 साली मिळून छापलेल्या निबंधात 5,154 नावं होती. 33 पानांपैकी 24 पानं नावांनी आणि त्यांच्या संस्थांनी खाल्ली.

तिचा खरा स्वभाव ओळखायला मात्र सातबारा वाचता यायला हवा. औद्योगिक वसाहतीची चर्चा जिथे वर्षानुवर्षं चालू आहे, त्या भोरजवळच्या उत्रोलीत हे कुणाला शिकवावं लागणार नाही. उताऱ्यावर खातेदारांची नावं असतात आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. मोबदल्याची नुसती कुणकुण लागली तरी मुंबईचे चुलतेसुद्धा नाव लावायला येतात. बोज्यात आपला वाटा किती, हे विचारायला तलाठ्याकडे कुणी जात नाही. नावांच्या ओळीचंही तेच. फरक एवढाच की तिच्या शेजारी बोज्याचा रकाना छापलेलाच नसतो.

मोबदला मात्र चक्क टक्क्यांत लिहिलेला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमावलीप्रमाणे दोघांचा निबंध असेल तर प्रत्येकाला 70 टक्के गुण. त्याहून जास्त असतील तर पहिल्याला किंवा ताऱ्याच्या मालकाला 70, बाकीच्या प्रत्येकाला 30. बेरीज शंभराच्या पुढे जाते, हे सुज्ञांच्या लक्षात आलंच असेल. महाविद्यालयांतल्या सुज्ञांच्या फार लवकर आलं. चौथं नाव घातल्याने तिसऱ्याचं काही जात नाही. मग नाही म्हणायचं कुणी, आणि तेही विभागप्रमुखांना? छापणाऱ्यांचीही वाण नव्हती. पुण्याच्या भूषण पटवर्धनांनी सहकाऱ्यांसह 2018 मध्येच ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिलं, की आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेल्या ज्या नियतकालिकांची त्यांनी छाननी केली, त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक कमअस्सल होती.

बोज्याचा रकाना लिहून काढला तो वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी. 1978 साली व्हँकूव्हरला जमलेल्या या मंडळींच्या नियमांत आज चार अटी आहेत: कामात भरीव वाटा हवा, मसुदा लिहिण्यात किंवा कसून तपासण्यात हात हवा, छापण्याआधीच्या अखेरच्या रूपाला होकार हवा, आणि पुढे शंका निघाली तर उत्तर देण्याची बांधिलकी हवी. ही चौथी अट 2013 साली आली. नुसता निधी आणला किंवा वरवर देखरेख केली, एवढ्यावर नाव लागत नाही.

याच नियमांतलं एक कलम मला सगळ्यांत आवडतं. समजा, एखादी विद्यार्थिनी भर पावसात भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांतून चिखल तुडवत मातीचे नमुने गोळा करते, त्यांची तपासणीही करते. तिला मसुदा दाखवायचाच नाही आणि मग ‘तू लिहिलंस कुठे?’ म्हणत आभारांत ढकलायचं, ही युक्ती संपादकांना ठाऊक होती. पहिली अट पुरी करणाऱ्याला पुढच्या अटी पुऱ्या करण्याची संधी द्यायलाच हवी, असं ते बजावतात.

आपल्याकडे या ओळीची सगळ्यांत धीट थट्टा केली ती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. 1931 साली त्यांनी बूर्बाकी नावाच्या, कधीच न जन्मलेल्या रशियन गणितज्ञाच्या प्रमेयावर गंभीर चेहऱ्याने निबंध छापला. चिथावणी मित्राची, आंद्रे वेलची. पुढे याच वेलने आणि त्याच्या फ्रेंच सोबत्यांनी बूर्बाकी या नावाखाली सामुदायिक लेखन केलं. साठच्या दशकात कोसंबींनी स्वतःच एस. डुक्रे होऊन निबंध छापले. मात्र 1959 साली रीमानच्या गृहीतकाशी भिडणारा दावा त्यांनी स्वतःच्या नावाने मांडला. तो टिकला नाही, आणि हसं झालं ते कोसंबींचंच. थट्टेसाठी टोपणनाव आणि जोखमीला खरं नाव, हा क्रम मला तरी सभ्य वाटतो.

2023च्या सुरुवातीला या ओळीत चॅटजीपीटी येऊन बसू लागलं. मोठ्या नियतकालिकांनी त्याला उठवलं. कारण त्याच्या बुद्धीचं नव्हतं: यंत्राला जाब विचारता येत नाही, एवढंच. त्या कसोटीवर डुक्रेही नापास झाला असता.

निबंध मागे घ्यायची वेळ येते, तेव्हा ओळीतली नावं पहिल्यांदा वेगवेगळी बोलू लागतात. पहिला म्हणतो, सरांनी सांगितलं तसं केलं. सर म्हणतात, आकडे मुलांनी आणले. मधला म्हणतो, मी फक्त आलेख काढले. संपादक खुलासा छापतो, पानावर ‘मागे घेतला’ असा शिक्का मारतो, आणि त्या ओळीतलं एकही नाव खोडत नाही.