वर्गणी मागायला लाजायचे कशाला?

गेल्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्यात क्रिकेट क्लबच्या मैदानाजवळ आम्ही टेबल लावले होते. धम्म मेळाव्याला गावोगावची माणसे येत होती. शेजारच्या टेबलावर बाबासाहेबांचे फोटो, पंचशील ध्वज, कॅलेंडर. आमच्या टेबलावर आमची सोळा पानी पुस्तिका आणि एका पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेले: वार्षिक वर्गणी 300 रुपये.

साठीच्या पुढचे एक काका थांबले. पुस्तिका चाळली, दोन पाने तिथेच उभ्याने वाचली आणि पुठ्ठ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाबासायबानं काय पैसे घेऊन लिवलं होतं का रे पोट्टेहो?"

आम्ही हसलो. "तसं नाही काका, छपाईचा खर्च असतो," असे काहीतरी पुटपुटलो आणि त्यांना पुस्तिका फुकट दिली. ते जयभीम म्हणून निघून गेले. संध्याकाळी टेबल आवरताना मात्र आम्हा तिघांचीही एकमेकांवर चिडचिड झाली. प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर आमच्याजवळ असूनही देता आले नाही. ते आता देतो.

बाबासाहेबांनी लिहिण्याचे पैसे घेतले नाहीत, हे खरे आहे. पण वर्गणी मागितली, देणगी मागितली, आणि ती मिळाली नाही तेव्हा समाजाला जाहीरपणे जाब विचारला, हेही तितकेच खरे आहे. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला तो शाहू महाराजांच्या 2500 रुपयांच्या मदतीवर. बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, सरकारी नोकरीत. म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. 'केसरी'ने पैसे देऊनही या पाक्षिकाची जाहिरात छापायला नकार दिला, हा किस्सा आपण दर 31 जानेवारीला एकमेकांना पाठवतो. पण त्याच 'मूकनायक'चे पुढे काय झाले, ते फारसे कोणी पाठवत नाही. बाबासाहेब 1920 च्या जुलैत लंडनला गेले, आणि 1923 पर्यंत पत्र बंद पडले. ते बंद पाडायला 'केसरी'ची गरज लागली नाही.

मग 3 एप्रिल 1927 ला 'बहिष्कृत भारत'. त्याच वर्षी 13 नोव्हेंबरला बाबासाहेब आपल्या अमरावतीत होते. अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली होती, आणि तिथेच त्यांना थोरले बंधू बाळाराम गेल्याची तार मिळाली. आम्ही अमरावतीकर हे अभिमानाने सांगतो. त्यानंतर तीनच महिन्यांत, 1928 च्या फेब्रुवारीत, त्यांनी 'बहिष्कृत भारत'मध्ये जो अग्रलेख लिहिला तो मात्र आमच्यातल्या एकाने वयाच्या पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा वाचला. त्याचे शीर्षकच प्रश्न आहे: 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' त्यात बाबासाहेब सांगतात, की वर्षभर आपण एक पैसाही मोबदला न घेता हे पत्र चालवले, अंकाचे चोवीस चोवीस रकाने एकट्याने भरले, कारण लिहायला दुसरे कोणी नव्हते. आणि मग समाजाला विचारतात, की या पत्राचे तुमच्यावर काही ऋण आहे की नाही. फुकट लिहिण्याची थोरवी गाण्यासाठी लिहिलेला तो लेख नाही. एका थकलेल्या संपादकाने वाचकांपुढे मांडलेला तो हिशोब आहे. 1929 च्या नोव्हेंबरात तेही पत्र थांबले.

या सगळ्या काळात बाबासाहेबांचे घर कशावर चालत होते? वकिलीवर, आणि 1928 च्या सुरुवातीपर्यंत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवण्याच्या अर्धवेळ नोकरीवर. म्हणजे त्या फुकट लिहिलेल्या रकान्यांचे पैसे कोणीतरी भरतच होते. ते रमाईच्या संसारातून जात होते. काकांना हे सांगायला हवे होते.

आता आपल्याकडे बघू. आपल्या समाजाचे साहित्य कोणी लिहिले? दया पवार रेल्वेच्या ऑडिट खात्यात होते. बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड संपादित करणारे वसंत मून महसूल खात्यात. किती नावे घ्यावीत; शाळामास्तर, बँकेतले क्लार्क, पोस्टातले, एलआयसीतले. आपल्या साहित्याला पहिले अनुदान कोणत्या अकादमीने दिलेले नाही, ते राखीव जागेवरच्या नोकरीने दिले. दहा ते साडेपाच नोकरी, रात्री लेखन, सुट्टी टाकून संमेलन. नामदेव ढसाळांसारखा टॅक्सी चालवून लिहिणारा विरळा.

ती नोकरी आता कुठे आहे? आमच्या तिघांत एक अकोल्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर बारा तास उभा असतो. दुसरा अमरावतीत तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे वर्षातले काही महिने शिकवतो आणि उरलेले महिने बिल निघायची वाट बघतो. तिसरी स्पर्धा परीक्षेचा नाद सोडून नुकतीच एका झेरॉक्स सेंटरवर बसू लागली आहे. आणि ज्यांच्याकडे पक्की नोकरी उरली आहे त्यांच्यावर 1979 चे वर्तणूक नियम आहेत. आमचे कितीतरी चांगले वाचक फोनवर सांगतात, "लेख जबरदस्त आहे, पण मी शेअर नाही करू शकत, समजून घ्या." आम्ही समजून घेतो. पण मग चळवळीचे फुकटच लिहिले पाहिजे, असा नियम केला तर लिहिणार कोण? ज्याला पगार आहे त्याला बोलायची बंदी, आणि ज्याला बंदी नाही त्याच्या घरी पीठ नाही. त्या नियमाने आपण आपलेच तोंड शिवतो.

तर आम्ही ठरवले होते, की लिहूनच जगायचे. 2019 ची गोष्ट. सुरुवात नेटवर केली, कारण छपाईला पैसे नव्हते. लेख लिहायचे, त्याचेच वाचन करून व्हिडिओ टाकायचे. जाहिरातीतून पैसे येतात, असे ऐकून होतो. कमाई 10 डॉलर झाली, की गुगल तुमचा पत्ता खरा आहे का हे पाहायला टपालाने एक पिन पाठवते. आमचा पत्ता भीमनगर, तोही घर क्रमांकाशिवाय. पोस्टमनने पाकीट कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर ठेवले आणि तीन आठवड्यांनी ते आम्हाला मिळाले. 100 डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. आम्हाला त्याला चौदा महिने लागले. तिघांत वाटले तर एका महिन्याचा चहासुद्धा निघत नाही. आमच्यातल्या एकाची आई विचारायची, "भेटते काय याच्यातून काई?" तिला आम्ही डॉलरमध्ये उत्तर द्यायचो, म्हणजे ती गप्प बसायची.

पण खरी अडचण रकमेची नव्हती. जयंतीच्या मिरवणुकीचा डीजे टाकला, की हिरवे चिन्ह, जाहिराती सुरू. मारहाणीच्या, बहिष्काराच्या घटनेवर बोललो, शीर्षकात 'अत्याचार' किंवा 'खून' आले, की पिवळे चिन्ह. म्हणजे जाहिराती मर्यादित किंवा बंदच. साबणवाल्याला, मोटारवाल्याला आपला माल अशा मजकुराशेजारी नको असतो. यात कोणी बसून आमचा द्वेष करतो, असे आम्ही म्हणत नाही. द्वेष करायला निदान वाचावे लागते.

इथे खैरलांजी आठवते. 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले, आणि सुरुवातीच्या बातम्यांत जात नव्हतीच. अनैतिक संबंधांची, गावकऱ्यांच्या संतापाची गोष्ट होती. खरे काय घडले ते आपल्याच कार्यकर्त्यांच्या सत्यशोधन अहवालांतून, ईमेलमधून, एसएमएसमधून, झेरॉक्स पत्रकांतून विदर्भभर गेले. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर आले, अमरावतीत पोलिसांच्या गोळीने एक तरुण गेला. आम्ही तेव्हा शाळेत होतो; इर्विन चौकाकडे जाऊ नका, एवढेच घरचे सांगत होते. ते अहवाल, ती पत्रके आजच्या नियमाने पैशासाठी काढायची असती तर सगळ्यांवर पिवळे चिन्ह लागले असते. ज्या मजकुरासाठी आपली पत्रकारिता जन्मली, नेमका तोच मजकूर जाहिरातीच्या बाजारात विकत नाही. 'केसरी'ने पैसे नाकारले होते. हे पैसे घेत नाहीत, फक्त देत नाहीत.

आता जे सांगणार आहोत ते सांगायचे की नाही, यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. 2021 मध्ये, लॉकडाऊननंतर, एका नेत्याच्या माणसाने आम्हाला बोलावले. नाव सांगत नाही. आपलाच माणूस, आपलीच निळी पार्श्वभूमी. महिन्याला 8000 रुपये देऊ म्हणाला. काही लिहा, असे सांगितलेच नाही. "तुमचं चालू द्या, समाजाचं काम आहे," एवढेच. अकोल्याहून एसटीने परत येताना मूर्तिजापूरपर्यंत आम्ही भांडलो. एकाच्या वडिलांना डायलिसिसवर नेत होते. बडनेरा येईपर्यंत होकार ठरला.

तीन महिने पैसे घेतले. तिसऱ्या महिन्यात एका वसतिगृहातल्या मुलींनी जेवणाची तक्रार घेऊन फोन केला. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवले. चालवणारी संस्था त्या नेत्याच्या जवळची निघाली. आम्हाला कोणी फोन करून अडवले नाही. आम्ही स्वतःच म्हणालो, आधी खात्री करू. खात्री करता करता परीक्षा संपल्या, मुली गावी गेल्या. त्यातली एक नंतर बाजारात भेटली. ती काही बोलली नाही. चौथ्या महिन्याचे पैसे आम्ही नाकारले, आणि तो माणूस खरोखर आश्चर्याने म्हणाला, "पण आम्ही तुम्हाला कधी काही बोललो का?"

नव्हतेच बोलले. म्हणूनच ते पैसे महाग पडले.

त्यानंतर वर्गणी. तीसुद्धा तत्त्व म्हणून सुचली नाही, फोनमुळे सुचली. आमच्यातल्या झेरॉक्सवालीने स्वाधार योजनेवर एक लेख लिहिला होता. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन, निवास आणि इतर खर्चासाठी ही रक्कम मिळते. अमरावतीत तेव्हा वर्षाला 51,000 रुपये. अर्ज कुठे अडतो, भाड्याच्या खोलीचा करार कसा करायचा, घरमालक सही देत नसेल तर काय, कॉलेजच्या हजेरीचा दाखला कोणाकडे मागायचा, हे तिने तिच्या दुकानात रोज येणाऱ्या पोरांकडून गोळा केलेले. ना भाषा सजवलेली, ना कोणाला शिवी. गटातटाच्या भांडणावर लिहिलेला आमचा लेख तीन दिवस गाजायचा आणि चौथ्या दिवशी मेलेला असायचा. हा लेख दोन वर्षे फिरत राहिला. तेल्हाऱ्याहून, दर्यापूरहून, रिसोडहून फोन आले. एका पोराचे पैसे जमा झाले तेव्हा त्याने न विचारता आम्हाला 100 रुपये पाठवले, आणि खाली लिहिले, "चहा."

वाचक वाढवण्याचे धडे देणारे पुष्कळ व्हिडिओ आम्ही पाहिलेत. रोज टाका, शीर्षक धक्कादायक ठेवा, चेहरा मोठा ठेवा. तसे करून आमचे आकडे वाढलेही. पण ते लोक आमच्यासाठी थांबले नव्हते, भांडणासाठी थांबले होते. दुसरीकडे मोठे भांडण लागले की तिकडे गेले. आज आमचे 212 वर्गणीदार आहेत. ज्यांच्या कामाचे आम्ही काहीतरी लिहिले, तेच बहुतेक त्यात आहेत.

आणि आपला समाज लिखाणाला पैसे देत नाही, असे कोणी म्हणू नये. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर जाऊन बघा. रोजमजुरी करणारी बाई भाकरीचे गाठोडे काखेत धरून संविधानाची प्रत विकत घेते, भाव न करता. वामनदादा कर्डकांना आपल्या आज्यांनी रात्र रात्र जागून ऐकले आणि झोळीत टाकले. देण्याची सवय आपल्याला आहेच. पण ते देणे ग्रंथाला आहे, फोटोला आहे, गेलेल्या माणसाला आहे. जिवंत माणूस लिहितो तेव्हा त्याचा लेख खालचे नाव कापून व्हॉट्सॲपवर फिरतो. आमचाच एक लेख आम्हाला सात ग्रुपवर आला, 'एक आंबेडकरी विचारवंत' या नावाने. आम्ही तिथे लिहिले, की हा आमचा आहे. ॲडमिनने उत्तर दिले, विचार कोणाच्या मालकीचा नसतो, साहेब.

तिघांचे पोट यातून भरते का? नाही. 212 गुणिले 300, करा हिशोब. छपाई आणि टपाल जाऊन एकाला अर्धवेळ मानधन देता येते, तेही कसेबसे. सध्या ते झेरॉक्सवालीला देतो, कारण लोक तिचेच वाचतात. बाकीचे दोघे अजून बारा तास आणि तासिका यातच आहेत. पण गेल्या महिन्यात एका आश्रमशाळेबद्दल लिहिताना आम्हाला कोणाचा विचार करावा लागला नाही.

यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबल लावले. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर वर्षाचा जमाखर्च छापला होता. तेच काका आले. चष्मा पुसून त्यांनी आकडे वरपासून खालपर्यंत वाचले आणि एका ओळीवर बोट ठेवले. "हे 1140 रुपये कायचे?"

टपालाचे होते. परत आलेल्या अंकांचे. लोक भाड्याची खोली बदलतात आणि पत्ता कळवत नाहीत. काकांनी मान हलवली, खिशातून 300 रुपये काढले आणि आपला पत्ता लिहून दिला. घर क्रमांक त्यांच्याही पत्त्यात नव्हता. खाली लिहिले होते: बुद्ध विहाराच्या मागे, हापशीजवळ.