ग्रेगर साम्साचे घर आणि आमचे घर

घरातल्या पहिल्या पदवीधराच्या पगारावर घरातल्या सगळ्यांचे नाव असते. वस्तीतल्या पोरांना हे समजावून सांगावे लागत नाही. आम्हीही त्यातलेच. समाजशास्त्रात एम.ए. केले, समाजकार्याची नोकरी लागली आणि पहिल्याच पगाराच्या वाटण्या ठरल्या. सावकाराचे देणे, भावाची फी, छपराचे पत्रे. त्याच दिवसांत फ्रान्झ काफ्काची ‘मेटामॉर्फोसिस’ वाचली आणि वाटले, हा ग्रेगर साम्सा म्हणजे आम्हीच.

१९१५ साली प्रसिद्ध झालेल्या या जर्मन कथेत फिरता विक्रेता असलेला ग्रेगर एका सकाळी किडा होऊन जागा होतो. आम्हाला हादरा बसला तो दुसऱ्याच गोष्टीने. देह किड्याचा झाला तरी त्याला चिंता आहे गाडी चुकल्याची! कारण आईबापाच्या डोक्यावर त्याच्याच मालकाचे कर्ज आहे. ते फिटायला अजून पाच-सहा वर्षे लागणार, तोवर नोकरी सोडायची सोय नाही. खोलीची दारे रात्री त्यानेच आतून बंद केलेली असतात. कर्तव्याच्या तुरुंगाला पहारेकरी लागत नाही, तो असा.

पुढे कळते की बापाकडे बुडालेल्या धंद्यातले काही पैसे शिल्लक होते आणि पोराच्या कमाईतलेही साठले होते. पोराला कधी सांगितलेच नाही. त्यावर ग्रेगर चिडत नाही, उलट खूश होतो. गुलामीची जाणीवच नाही, तर बंड कुठून येणार?

मग घर सोडून मोकळे व्हावे काय? हा सल्ला आम्हाला पटत नाही. ज्या आईने लोकांची भांडी घासून आम्हाला शिकवले, तिच्याकडे पाठ फिरवणे म्हणजे मुक्ती नव्हे. प्रश्न कर्तव्याचा नाही, एकतर्फी कर्तव्याचा आहे.

आणि इथेच आमची चूक झाली. बरीच वर्षे आम्ही स्वतःला ग्रेगर समजत राहिलो. मग कथेचा शेवट पुन्हा वाचला. ग्रेगर मेल्यावर घरचे ट्रॅमने शहराबाहेर फिरायला जातात. तेव्हा आईबापांच्या लक्षात येते की मुलगी ग्रेटे वयात आली, आता तिला नवरा पाहायला हवा. एक कैदी गेला, दुसरा तयार!

आमच्याही घरात एक ग्रेटे होती. आम्ही एम.ए. करत होतो तेव्हा धाकटी बहीण बारावी करून घरी बसली. नर्सिंगचा अर्ज तिने भरून ठेवला होता. पैसे एकाच्याच शिक्षणाला पुरणार होते. तो एक कोण, हे तिला कुणी विचारले नाही. आम्हीही नाही. वर समतेवर भाषणे करत फिरलो.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मुलांची पाच कर्तव्ये सांगितली, तशी आईबापांचीही पाच सांगितली. मालकाला चाकराचे देणे सांगितले. धम्मात नाते दुहेरी असते. एकाने देत राहायचे आणि दुसऱ्याने हिशोब लपवायचा, ही रीत आपण जुन्या व्यवस्थेतून उचलली आहे. ती पुरुषसत्तेची रीत आहे.

बहिणीने यंदा मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातले. फी आम्ही भरतो. नातेवाईक आमचे कौतुक करतात. त्यांना आम्ही सांगतो, हे उपकार नाहीत, थकबाकी आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातली थकबाकी कुणाची आहे? आज रात्री जेवताना विचारून बघा.

जय भीम.